पहिले हजार दिवस : माता-बालकांच्या पोषणाचे संशोधन आणि आपली शेती

गव्हाच्या पिकाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या सुमारास, पाणी मिळालेच पाहिजे, हे बागायतदारास सांगावयास नको. ही पाळी चुकली म्हणजे फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी झालेले नुकसान पुरतेपणी भरून निघत नाही. पिकाच्या आयुष्यात जशी ही नाजूक अवस्था असते, तशीच ती मनुष्याच्याही आयुष्यात असते. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचा काळ ही ती अवस्था होय. गर्भावस्थेचे सुमारे २७० दिवस आणि त्यापुढील दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून हा काळ हजार दिवसांचा होतो. या हजार दिवसांविषयी निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ जे संशोधन केले, त्यातील काही महत्त्वाच्या प्रयोगांची ओळख प्रस्तुत लेखात करून देण्याचे योजिले आहे.

शेतीच्या पत्रिकेत हा विषय कशासाठी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ या फेरीत भारतातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३५.२ टक्के होते. १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे दर तीन मुलांमागे एक मूल खुजे आणि दर दोन स्त्रियांमागे एकीहून अधिक स्त्रियांच्या अंगी पुरेसे रक्त नाही, अशी ही स्थिती आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००८ व २०१३ साली या विषयावर दोन लेखमाला प्रसिद्ध केल्या. जगात २०११ साली पाच वर्षांखालील जी बालके दगावली, त्यांपैकी सुमारे ४५ टक्के मृत्यूंच्या मुळाशी अपपोषण होते, असा अंदाज दुसऱ्या लेखमालेत देण्यात आला. ज्या ३४ देशांत खुज्या मुलांची संख्या सर्वाधिक आहे तेथे आरोग्य व आहारविषयक दहा निवडक उपाय दहापैकी नऊ कुटुंबांपर्यंत पोहोचविले, तर काय साधेल, याचेही गणित तिच्यात मांडलेले आहे. बालमृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी आणि खुजेपणा सुमारे २० टक्क्यांनी घटेल, असे त्याचे उत्तर आले.

हे उत्तर आपण नीट लक्षात घ्यावयास हवे. दवाखान्यातून व अंगणवाडीतून होणारे उत्तमातले उत्तम काम पार पडले, तरी खुजेपणाचा सुमारे चार पंचमांश भाग शिल्लक राहतो. तो घरातील अन्न, पाणी, स्त्रीचे कष्ट, तिचे शिक्षण आणि कुटुंबाचे उत्पन्न यांच्याशी जोडलेला आहे. यांतील बऱ्याच गोष्टी शेतात ठरतात. यास्तव हा विषय शेतकऱ्याचा व शेतीच्या कार्यकर्त्याचाही आहे.

उंची केवळ वंशावर अवलंबून असते काय?

‘आमच्याकडची माणसे मुळातच ठेंगणी’ असे पुष्कळदा ऐकू येते. या समजुतीची परीक्षा जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात घेतली. ब्राझीलमधील पेलोतास, घानातील आक्रा, भारतातील दिल्ली, नॉर्वेतील ऑस्लो, ओमानमधील मस्कत आणि अमेरिकेतील डेव्हिस या सहा ठिकाणी सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घेण्यात आली. निवडलेली मुले चांगल्या परिस्थितीत वाढणारी व अंगावर पिणारी होती, त्यांच्या माता धूम्रपान करीत नव्हत्या आणि वैद्यकीय मदत त्यांना उपलब्ध होती. मुलामुलांच्या लांबीत जो फरक आढळला, त्यापैकी केवळ ३ टक्क्यांच्या आसपास भाग ठिकाणांच्या भिन्नतेमुळे होता. पहिल्या वर्षांत दिल्लीचे बाळ ऑस्लोच्या बाळाप्रमाणेच वाढते, असा याचा अर्थ होय. याच मोजमापांवरून २००६ साली वाढीचे तक्ते तयार झाले आणि तेच आज अंगणवाडीत वापरले जातात. म्हणून मूल तक्त्याच्या रेषेखाली जाऊ लागले की ‘वंशच तसा’ असे म्हणून न थांबता कारण शोधावे.

ग्वातेमालातील चार गावे

नव्या वाणाची परीक्षा घेताना आपण एका वाफ्यात नवे बी पेरतो आणि शेजारच्या वाफ्यात नेहमीचे. जमीन, पाणी, खत दोहोंकडे सारखे ठेवतो. तुलनेचा वाफा नसेल तर आलेले उत्पन्न वाणाचे की चांगल्या पावसाचे, हे सांगता येत नाही. आहाराचे प्रयोगही याच पद्धतीने करतात. वाफ्यांच्या जागी गावे असतात.

मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशात १९६९ साली चार खेड्यांत असा प्रयोग सुरू झाला आणि तो १९७७ पर्यंत चालला. दोन गावांत ‘अटोले’ नावाचे दाट पेय रोज दोन वेळा देण्यात येई. त्यात वनस्पतिज प्रथिनांचे पीठ, सायविरहित दुधाची भुकटी व साखर असे. इतर दोन गावांत ‘फ्रेस्को’ हे सरबतासारखे पेय देत. त्यात प्रथिने मुळीच नसत आणि उष्मांक अटोलेच्या सुमारे एकतृतीयांश असत. औषधोपचाराची सोय चारही गावांत सारखीच होती.

अटोले मिळालेल्या गावांतील मुलांची उंची पहिल्या तीन वर्षांत अधिक वाढली. तीन वर्षांनंतर मात्र तेच पेय पिऊनही उंचीत लक्षणीय फरक पडला नाही. पाण्याची पाळी वेळेवर देणे म्हणजे काय, ते येथे दिसते. गर्भार स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आढळली. पेय कोणतेही असो, त्यातून स्त्रीच्या पोटात एकंदर उष्मांक जितके अधिक गेले तितके बाळाचे जन्माचे वजन अधिक भरले. उपाशी शरीर प्रथिनेही सरपणासारखी जाळून टाकते. म्हणून आधी पोट भरले पाहिजे.

या प्रयोगाचे खरे मोल पुढे कळले. ती मुले मोठी होऊन संसाराला लागल्यावर, २००२ ते २००४ या काळात, शास्त्रज्ञांनी त्यांना पुन्हा शोधून काढले. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत ज्यांना अटोले मिळाले होते, त्या पुरुषांची तासाची मजुरी सरासरीने ४६ टक्के अधिक निघाली. तीन वर्षांनंतर ज्यांना ते मिळू लागले त्यांच्या मजुरीत अशी वाढ नव्हती. स्त्रियांच्या मजुरीत स्पष्ट फरक दिसला नाही. परंतु त्यांचे शालेय शिक्षण सुमारे एका इयत्तेहून अधिक झालेले होते आणि पुढे त्यांच्या पोटी जन्मलेली बाळेही वजनाने भारी निघाली. एका पिढीला वेळेवर दिलेले अन्न दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचले.

गांबियातील भुकेचा हंगाम

पश्चिम आफ्रिकेतील गांबिया हा आपल्या कोरडवाहू मुलखासारखाच एका पावसाळ्यावर जगणारा देश आहे. जून ते ऑक्टोबर या महिन्यांत मागील वर्षाचे धान्य संपत आलेले असते, नवे हाती आलेले नसते आणि नेमकी त्याच वेळी शेतीची सर्वांत जड कामे स्त्रियांच्या अंगावर पडतात. या महिन्यांना तिकडे भुकेचा हंगाम म्हणतात. आपल्याकडे आषाढ-श्रावणात गरीब घरची कणगी तळाला गेलेली असते आणि लावणी-निंदणीची घाई चालू असते. त्या दिवसांची आठवण येथे होईल.

तेथील २८ गावांत पाच वर्षे चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या गावांतील गर्भार स्त्रियांना सुमारे पाचव्या महिन्यापासून रोज दोन बिस्किटे देण्यात आली. ती भाजलेले शेंगदाणे, तांदळाचे पीठ, साखर व शेंगदाण्याचे तेल यांची होती आणि त्यांतून दिवसाला सुमारे १,००० उष्मांक मिळत. इतर गावांतील स्त्रियांना तीच बिस्किटे बाळंतपणानंतर दिली. त्यामुळे कोणतेही गाव मदतीवाचून राहिले नाही.

बिस्किटे मिळालेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरीने १३६ ग्रॅम अधिक भरले. सुगीच्या महिन्यांत हा फरक ९४ ग्रॅम होता; भुकेच्या हंगामात तो २०१ ग्रॅमपर्यंत गेला. मृत जन्म आणि पहिल्या आठवड्यातील बालमृत्यू यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. या प्रयोगात परदेशी औषध नव्हते. शेंगदाणे, तांदूळ व गोड पदार्थ एवढ्या घरगुती वस्तूंनी, योग्य महिन्यांत मिळाल्यामुळे, हे काम केले.

पुणे जिल्ह्यातील सहा गावे

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांत गर्भार स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास हाती घेतला. यांतील बहुतेक कुटुंबे शेतकरी होती. सुमारे ८०० स्त्रियांची नोंद झाली. त्यांचा दिवसाचा आहार सुमारे १,८०० उष्मांकांचा व ४५ ग्रॅम प्रथिनांचा होता आणि पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम भरले. जन्माचे वजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर बाळ कमी वजनाचे मानतात, हे ध्यानात घेतल्यास ही सरासरी किती काठावरची आहे ते कळेल.

या अभ्यासात दोन गोष्टी पुढे आल्या. ज्या स्त्रियांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वारंवार होते, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. पालेभाजीचा हा संबंध इतर कारणांचा हिशेब केल्यावरही टिकून राहिला. दुसरी गोष्ट कष्टांची. शेतीकाम, पाणी वाहणे व घरकाम मिळून ज्या स्त्रियांचे श्रम अधिक, त्यांच्या बाळांचे वजन व डोक्याचा घेर कमी आढळला. खाल्लेले अन्न डोक्यावरच्या हंड्याखाली खर्च झाले तर गर्भाच्या वाट्याला काय उरणार?

पालेभाजीचे हे महत्त्व महाराष्ट्राच्या भूमीवर त्यापूर्वीही एकदा प्रत्ययास आले होते. १९२८ साली मुंबईस आलेल्या ब्रिटिश वैद्य लुसी विल्स यांनी गर्भार स्त्रियांना, विशेषतः कापड गिरण्यांतील गरीब कामगार स्त्रियांना, होणाऱ्या प्राणघातक रक्तक्षयाचा शोध घेतला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ साली ते पालकाच्या पानांपासून वेगळे करण्यात आले. आज गर्भार स्त्रियांना लोहाबरोबर मिळणाऱ्या गोळीत तेच असते.

मुंबईतील प्रयोग : आरंभ केव्हा करावा?

पुण्याचा अभ्यास निरीक्षणाचा होता. पालेभाजी खाणारे घर इतर बाबतींतही बरे असू शकते. म्हणून तुलनेच्या प्रयोगाने त्याची खात्री करणे आवश्यक होते. २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांना, गर्भ राहण्यापूर्वीपासूनच, रोज एक खाऊ देण्यात आला. निम्म्या स्त्रियांच्या खाऊत पालेभाजी, फळे व दूध होते. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा, कांदा यांसारखे पदार्थ होते.

सर्व स्त्रियांचा एकत्र हिशेब केला असता बाळांच्या वजनात खात्रीलायक फरक आढळला नाही. मात्र गर्भधारणेपूर्वी तीन महिने किंवा अधिक काळ ज्यांनी पालेभाजीचा खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरीने ४८ ग्रॅम अधिक होते. फार कृश स्त्रियांच्या बाळांना हा लाभ झाला नाही. त्यांचे शरीर मिळालेले अन्न प्रथम स्वतःची झीज भरण्याकडेच लावीत असावे, असा तर्क आहे. गर्भारपणात होणाऱ्या मधुमेहाचे प्रमाणही या खाऊने घटले. या निष्कर्षांतून असे शिकावयाचे की, नांगरट व शेणखत पेरणीपूर्वी द्यावयाचे असते, त्याप्रमाणे स्त्रीच्या शरीराची तयारी विवाहापूर्वीच, कुमारवयातच, व्हावयास हवी. घरात मुलीच्या ताटात काय पडते, हा पुढील पिढीच्या वाढीचा प्रश्न आहे.

एकच उपाय पुरत नाही

बांगलादेश व केनिया येथील २०१८ साली आणि झिंबाब्वे येथील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत शौचालये, हात धुण्याची सोय व पाण्याचे शुद्धीकरण यांचा मुलांच्या उंचीवर काय परिणाम होतो हे पाहण्यात आले. केवळ या सोयींनी उंची वाढली नाही. बाळाला पूरक आहार दिला तेथे ती थोडी वाढली. यावरून स्वच्छता निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. बांगलादेशात हगवण कमी झालीच. परंतु स्वच्छतेने अन्नाची उणीव भरून निघत नाही.

आपल्या कामाच्या दृष्टीने ओडिशातील केंदुझर जिल्ह्याचा प्रयोग सर्वांत उद्बोधक आहे. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तेथील १४८ ग्रामसमूहांत स्त्रियांच्या मंडळांना शेतीविषयक चित्रफिती दाखवून चर्चा घेण्यात आल्या. काही ठिकाणी केवळ पोषणाला उपयुक्त शेतीचा विषय होता. काही ठिकाणी त्याला माता-बालकांच्या आहाराची जोड दिली होती. ज्या गावांत फक्त शेतीची माहिती दिली, तेथे लहान मुलांच्या ताटातील पदार्थांची विविधता म्हणण्यासारखी वाढली नाही. शेती व आहार यांची माहिती एकत्र दिली तेथे ती वाढली. मातांचे वजन व मुलांचा रोडपणा यांत मात्र प्रयोगाच्या मुदतीत फरक दिसला नाही. शेतात भाजी पिकली म्हणजे ती आपोआप बाळाच्या ताटात जाते, ही समजूत यावरून सोडून द्यावी.

शेतकरी कुटुंबाने काय करावे?

(१) परसबाग : सांडपाण्यावर वर्षभर पुरेल अशी परसबाग करावी. मेथी, पालक, राजगिरा, चुका, आंबाडी, अळू यांची आलटून पालटून लावणी करावी आणि बांधावर शेवग्याचे एक झाड तरी असावे. तांदुळजा, घोळ यांसारख्या रानभाज्या जरूर खाव्यात. परंतु तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या शेतातून त्या खुडू नयेत.

(२) तंगीच्या महिन्यांची तरतूद : सुगीच्या वेळीच शेंगदाणे, हरभरा, तूर व गूळ यांचा काही भाग आषाढ-श्रावणासाठी बाजूस काढून ठेवावा. घरात गर्भार किंवा अंगावर पाजणारी स्त्री असल्यास तो तिच्या नावाचा समजावा. शेंगा चांगल्या वाळवून साठवाव्यात. बुरशी लागलेल्या दाण्यांत विषारी द्रव्य तयार होते, म्हणून ते खाऊ नयेत.

(३) दूध व अंडी : सर्व दूध डेअरीला घालून घरची गर्भार स्त्री व लहान मूल यांना कोरडे ठेवू नये. आधी घरचा पेला भरावा व मग किटली. चार कोंबड्या घरी असल्यास अंड्यांची सोय होते.

(४) वाणाची निवड : बाजरीच्या पट्ट्यात ‘धनशक्ती’ या लोहयुक्त वाणाचा विचार करावा. महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना अशी लोहयुक्त बाजरी सहा महिने खाऊ घातल्यावर त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा सुधारल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

(५) कष्टांची वाटणी : गर्भारपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, पाण्याचे हंडे व जड ओझी घरातील इतरांनी उचलावीत. सायकल कोळपे, वैभव विळा अशा सुधारलेल्या अवजारांनी वाकून करावयाचे काम हलके होते. ताटावर सर्वांत शेवटी बसण्याची रीत गर्भार सुनेपुरती तरी मोडावी. हे काम घरातील सासूबाईंनी मनावर घेतल्यास लवकर साधते.

(६) बाळाचा आहार : पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही नको. सहा महिने पूर्ण होताच मऊ वरण-भात, खिमट, दुधात कुसकरलेली भाकरी, शिजवून घोटलेली भाजी, अंडे असे दाट पदार्थ सुरू करावेत आणि दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूधही चालू ठेवावे. डाळीचे नुसते पाणी बाळाचे पोट भरते, पण वाढ करीत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

पीकप्रात्यक्षिकाच्या दिवशी अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांना बोलावून शेती व आहार हे दोन्ही विषय एकाच बैठकीत घ्यावेत. बैठकीची वेळ स्त्रियांना सोयीची असावी; पुरुषांनाही, विशेषतः पतींना, आग्रहाने बोलवावे. मिनी किटचे बियाणे वाटताना ज्या घरी गर्भार स्त्री किंवा दोन वर्षांखालील मूल आहे, त्या घराचा विचार प्रथम व्हावा. महाराष्ट्राच्या आदिवासी क्षेत्रात गर्भार व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ साली सुरू झाली. अशा योजनांना लागणारी भाजी गावच्याच बचत गटाने पिकविता येईल काय, हे पाहावे.

चर्चामंडळात घ्यावयाचे प्रश्न

१. आपल्या गावात कोणते महिने सर्वांत तंगीचे असतात? त्या महिन्यांत स्त्रियांवर कोणती कामे पडतात?
२. गेल्या आठवड्यात आपल्या घरातील सर्वांत लहान मुलाने कोणकोणते पदार्थ खाल्ले? त्यांपैकी आपल्या शेतातले किती?
३. आपल्या गावातील गर्भार स्त्री दिवसाला किती खेपा पाणी वाहते? तिच्या वाटच्या खेपा कोण उचलू शकेल?
४. ग्वातेमालातील मुलांना तीन वर्षांनंतर दिलेल्या पेयाचा उंचीवर परिणाम का झाला नाही? आपल्या गावातील मुलांचे वजन व उंची नियमाने कोण मोजते आणि ती नोंद पालकांना दाखविली जाते काय?

कोरड्या पडलेल्या वर्षी पीक गेले तरी शेतकरी पुढच्या मृगाची वाट पाहतो, कारण जमीन पुन्हा पेरता येते. बालकाच्या बाबतीत हे हजार दिवस एकदाच येतात. ते ज्या घरात आज चालू आहेत, त्या घराची यादी प्रत्येक गावात तयार असावी आणि येत्या पावसाळ्यापूर्वी तेथे परसबागेचे बियाणे पोहोचलेले असावे.